एक युरोच्या घराची बातमी आता थांबवा

प्रति,
मराठी बातम्यांच्या संकेतस्थळांचे संपादक, बातमीदार आणि ‘परदेशात स्थायिक व्हा’ छापाची रील्स करणारे सगळे मित्रमैत्रिणी यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी मूळची संगमेश्वर तालुक्यातली. आता मुक्काम सार्डिनिया. भूमध्य समुद्रात सिसिलीच्या खालोखाल मोठं असलेलं हे इटलीचं बेट. माझा नवरा इथला. रांजणगावच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता, तिथे आमची ओळख झाली. लग्नानंतर काही वर्षं आम्ही पुण्यात काढली. सासरे गेले, सासूबाईंना एकटीनं राहणं झेपेना, म्हणून त्याच्या गावी आलो. तुमच्या रील्समध्ये दिसतो तो निळाशार समुद्र इथून गाडीनं दीड तासावर आहे. आम्ही डोंगरात, बेटाच्या पोटात राहतो. या भागाला बार्बाजा म्हणतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं तर पुढच्या आठवड्यात त्याच नावानं ‘या गावात फुकट घर’ अशी बातमी यायची.

पत्राला निमित्त तीच बातमी. मध्यंतरी ती पुन्हा फिरली. ‘इटलीत फक्त एक युरोत घर, वर सरकारच देणार १५ लाख!’ मामेभावानं पाठवली, शाळेच्या ग्रुपवर आली, माहेरच्या शेजाऱ्यांच्या मुलीनं विचारलं, “ताई, खरं आहे का गं?” दर काही महिन्यांनी हेच होतं. तीच बातमी नव्या तारखेनं, नव्या मथळ्यानं येते, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या कोमुनेचा, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचा, संगणक भरून वाहायला लागतो.

तिथे जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या बाई मला हाक मारतात, कारण गावात हिंदी-मराठी वाचता येणारी मी एकटीच. त्यांनी कागद छापून ठेवलेले असतात. मागे गेले तेव्हा गठ्ठ्यात रोमन लिपीत लिहिलेलं एक मराठी पत्र होतं. ‘सर, आम्ही दोघं आणि दोन मुलं. आमच्याकडे पैसे तयार आहेत. घर फायनल करून फॅमिली व्हिसा किती दिवसांत मिळेल, कळवावे.’ खाली मुलांची नावं, इयत्ता, आणि मोठीला गणितात पडलेले गुण. त्याखालचं पत्र एका माणसाचं. त्यानं ‘नोंदणी फी’ म्हणून कुणा एजंटाच्या हातावर आधीच पैसे ठेवले होते आणि आता पावती पुरावा म्हणून जोडली होती. बाईंनी पावती उजेडाकडे धरून पाहिली. शिक्का आमच्या कोमुनेचा होता, निदान तसा दिसावा असा केलेला. मला म्हणाल्या, “याला काय कळवू?” आमच्या गावात अशी कुठलीच योजना नाही. कधी नव्हतीही.

तुमच्यापैकी कुणी त्या एजंटाला ओळखत असेल असं माझं म्हणणं नाही. पण त्याच्या धंद्याची जाहिरात तुम्ही फुकटात करून दिलीत, हे म्हणायला मी बांधील आहे.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी ही, की तुम्ही अर्धीच बातमी देता आणि उरलेल्या अर्ध्या भागातच सगळं काही असतं.

एक युरोची कल्पना खोटी नाही. २००८ मध्ये सिसिलीतल्या सालेमी गावाच्या महापौरांनी ती मांडली. तिथे १९६८ च्या भूकंपात पडझड झालेली घरं वर्षानुवर्षं तशीच उभी होती. पुढे सिसिलीतच गांजी, मुस्सोमेली, साम्बुका या गावांनी ती राबवली. साम्बुकानं २०१९ मध्ये घरांचा लिलाव काढला, बोली एक युरोपासून सुरू. नंतरच्या खेपांना ती दोन आणि तीन युरोंपासून झाली. २०१८ मध्ये आमच्या बार्बाजातल्या ओल्लोलाय गावाची बातमी जगभर गेली. साधारण तेराशे वस्तीचं ते गाव अर्ध्या शतकात हजारेक माणसं गमावून बसलं होतं. २०२४ च्या अमेरिकेतल्या निवडणुकीनंतर त्याच गावानं अमेरिकनांना हाक दिली, तीही बातमी गाजली. या गावांमध्ये घरं गेली, दुरुस्त झाली, गवंड्यांना कामं मिळाली. हे मी नाकारत नाही.

पण एक युरोत मिळतं ते काय? आपल्याकडे सातबाऱ्यावर सतरा नावं असलेलं पडकं घर असतं ना, तेच. आजोबांच्या नावावरचं घर, त्यांची सात मुलं, त्यातली चार तुरीनला, एक बेल्जियमच्या खाणीत गेलेला, एक अर्जेंटिनात, त्यांची मुलं, नातवंडं. सगळ्यांच्या सह्या जमवायला निघालं तर पिढी जाते. छप्पर बसलेलं, भिंतीतून अंजिराचं झाड आलेलं, आणि मालकाच्या डोक्यावर मालमत्ता कर तेवढा जिवंत. ते घर अंगावरून उतरलं तर बरं, म्हणून तो एक युरोला द्यायला तयार होतो. कोमुने मध्ये पडते आणि घेणाऱ्याला अटी घालते. बहुतेक ठिकाणी तीन वर्षांत दुरुस्ती पूर्ण करायची. त्यासाठी अनामत ठेवायची, साम्बुकात ती पाच हजार युरो होती. मुदतीत काम झालं नाही तर अनामत जप्त. नोटरीचा, म्हणजे इथे खरेदीखत करून देणाऱ्याचा, खर्च, नोंदणी, आराखडा काढणारा वास्तुविशारद, सगळं घेणाऱ्याच्या खिशातून. आणि दुरुस्ती म्हणजे चुना मारून भागणारी नव्हे. जाड दगडी भिंती, भूकंपाचे नियम, जुन्या वस्तीत बाहेरचा रंगसुद्धा विचारून लावायचा. २०२० नंतर इटलीच्या सरकारनं घरदुरुस्तीला ११० टक्क्यांपर्यंतची करसवलत दिली, त्यानंतर तर गवंडी मिळेनासे झाले आणि मिळाले तर त्यांचे दर ऐकून माणूस परत फिरावा. वीस-पंचवीस हजार युरोंच्या खाली कुणी हात लावत नाही, आणि तो आकडाही आशावादी माणसाचा.

आता त्या १५ लाखांचं. सार्डिनियाच्या प्रादेशिक सरकारनं २०२२ मध्ये खरोखरच साडेचार कोटी युरो बाजूला काढले. तीन हजारांहून कमी वस्तीच्या गावात पहिलं घर घेणाऱ्याला किंवा दुरुस्त करणाऱ्याला खर्चाच्या निम्म्यापर्यंत, जास्तीत जास्त १५ हजार युरो अनुदान. अट अशी की तिथेच कायम राहायला यायचं आणि दीड वर्षाच्या आत तशी नोंद करायची. ‘राहायला आलात की १५ हजार’ असं त्यात कुठेही नाही. आधी स्वतःचे तीस हजार घालायचे, मग १५ मिळायचे. तुमच्या मथळ्यात फक्त नंतरचे १५ येतात.

आणि व्हिसा. इथे मला खरंच राग येतो, कारण ही गोष्ट कुठल्याही बातमीदाराला अर्ध्या तासात तपासता येते. इटलीत घर घेतलं म्हणून इटलीत राहण्याचा परवाना मिळत नाही. एक युरोचं घेतलंत तरी नाही आणि दहा लाख युरोंचं घेतलंत तरी नाही. घराचा मालक असलेला भारतीय माणूस पर्यटक व्हिसावर येऊन १८० दिवसांत ९० दिवस राहू शकतो, आणि मग स्वतःच्याच घराला कुलूप घालून परत जातो. काम न करता राहण्याचा जो व्हिसा आहे त्याला वर्षाला साधारण ३१ हजार युरोंचं, नोकरीविना येणारं उत्पन्न दाखवावं लागतं, आणि तो मिळाल्यावर नोकरी करता येत नाही. घरून काम करणाऱ्यांसाठी २०२४ पासून वेगळा व्हिसा आहे, त्यालाही उत्पन्नाची, शिक्षणाची, अनुभवाची अट आहे.

याच्याही आधीचा प्रश्न तर मी एकाही मराठी बातमीत वाचलेला नाही. इटलीत राहण्याचा परवाना नसलेल्या, युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घर विकत घेता येतं का? ते अवलंबून असतं त्याच्या देशात इटालियन माणसाला घर घेता येतं का यावर. नोटरी सगळ्यात आधी हेच पाहतो. आणि आपल्याकडे अनिवासी परदेशी माणसाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय घर घेता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग लातूरच्या, साताऱ्याच्या वाचकाला ‘आजच अर्ज करा’ म्हणताना तुमचा हात जरासाही अडखळत नाही?

दुसरी तक्रार छायाचित्रांची, ती थोडक्यात सांगते. आमच्या डोंगरातल्या गावांच्या बातमीला तुम्ही पोझितानोचे फोटो लावता. ते नेपल्सच्या खाली, मुख्य भूमीवर, इटलीतल्या महागड्या किनाऱ्यांपैकी एकावर. एकानं तर ग्रीसमधलं सांतोरिनी लावलं होतं. निळे घुमट पाहून कोमुनेतल्या बाई पोट धरून हसल्या. हसण्यावारी नेलं तर तेवढंच. पण वाचकाला घर कुठलं आणि फोटो कुठला हे कळत नाही, आणि ते कळू नये अशीच तुमची इच्छा असावी असं मला आता वाटायला लागलंय.

तिसरी तक्रार जास्त जिव्हाळ्याची आहे. तुमच्या बातम्यांत आमचं गाव म्हणजे सुंदर, सुस्त, माणसं नसलेलं चित्र. कुणीतरी येऊन राहायची वाट बघत बसलेलं. गाव का रितं झालं, हे त्यात कधी नसतं.

‘एक युरो’ हेच शब्द २०१९ च्या फेब्रुवारीत या बेटावर रस्त्यारस्त्यावर ऐकू येत होते, आणि ते घराबद्दल नव्हते. सार्डिनियात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, साधारण दुप्पट. जगात पेकोरीनो रोमानो नावाचं जे चीज विकलं जातं, त्याच्या नावात रोम असलं तरी त्यातलं बहुतेक सगळं या बेटावर होतं. त्या हिवाळ्यात मेंढीच्या दुधाला लिटरमागे ६० सेंटच्या आसपास भाव मिळत होता. मेंढपाळांची मागणी होती एक युरोची. ती मान्य होईना, तेव्हा त्यांनी दुधाचे कॅन रस्त्यावर ओतले. माझे चुलतदीर त्यात होते. पहाटे चारला उठून काढलेलं दूध पुलावर उभं राहून ओतताना ते कुणाकडे बघत नव्हते, असं सासूबाई सांगतात. घासाघीस होऊन शेवटी सुरुवातीची उचल म्हणून ७४ सेंटवर तडजोड झाली. पुढच्या वर्षांत भाव चढला, एक युरोच्या वर गेला, आता मेंढपाळ बरे दिवस आले म्हणतात, तोवर २०२४ मध्ये नीलजिव्हा रोगानं कळप झोपवले. आपल्याकडे धनगरांना हा रोग नवा नाही. मेंढीची जीभ निळी पडते, चारा सुटतो, गाभण असेल तर कोकरू जातं.

दुधाला मागितलेला एक युरो मराठीत किती जणांनी छापला? घराचा एक युरो मात्र शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

चुलतदिरांची दोन्ही मुलं मिलानला आहेत. मेंढ्या राखायला माणूस मिळत नाही, म्हणून २०२२ मध्ये शेतकऱ्यांच्या संघटनेनं किर्गिझस्तानातून मेंढपाळ कुटुंबं आणायची योजना जाहीर केली. म्हणजे बघा, गावाला माणूस हवाय तो मेंढ्यांना, दुधाला, म्हाताऱ्यांना. लॅपटॉप घेऊन गच्चीत बसणाऱ्यालाही कुणी नको म्हणत नाही, पण त्याच्यामुळे शाळा सुरू राहत नाही. तो मुलंबाळं घेऊन येत नाही आणि थंडी पडली की जातो.

शाळेचं म्हणाल, तर आमच्या प्राथमिक शाळेत पाचही इयत्ता एकाच खोलीत बसतात. बाई एका फळ्यावर भागाकार आणि दुसऱ्यावर मुळाक्षरं लिहितात. माझी मुलगी तिसरीत आहे, तिच्या वर्गात ती एकटी. पहिली येते आणि शेवटचीही, असं तिचा बाबा चिडवतो. पटसंख्या घसरली की वर्ग पलीकडच्या गावात हलणार, अशी टांगती तलवार दर वर्षी जानेवारीत नावनोंदणीच्या वेळी असते. मुलं येणार कुठून? संपूर्ण सार्डिनियात एका स्त्रीमागे सरासरी मुलं २०२३ मध्ये ०.९१, इटलीत सगळ्यात कमी. इथे मूल झालं की दारावर गुलाबी किंवा निळी फीत बांधतात, आणि माणूस गेला की चौकातल्या भिंतीवर काळ्या चौकटीची छापील सूचना चिकटवतात. भिंतीवर जुन्या कागदावर नवा कागद असे थर चढलेत. पावसाळ्यात ते फुगतात आणि पाव आणायला जाताना दोन वर्षांपूर्वी गेलेल्या कुणाचं तरी नाव पुन्हा वर आलेलं दिसतं. फीत मात्र कुणाच्या दारावर लागली तर बेकरीत दिवसभर तोच विषय.

डॉक्टरचं दुखणं सगळ्यात मोठं. आमच्या भागातले डॉक्टर निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही. सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब. औषधाच्या चिठ्ठीसाठी शेजारच्या गावात आठवड्यातले ठरावीक दिवस उघडणाऱ्या तात्पुरत्या दवाखान्यात जायचं. तिथे नंबर लावायला म्हातारी माणसं पहाटे जाऊन बसतात, घरून खुर्ची घेऊन. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बसणारा जो डॉक्टर असतो, त्याचीही पाळी कित्येकदा रिकामीच. मग नुओरो गाठायचं. नुओरो हे जिल्ह्याचं ठिकाण, पण तिथे देशाची मुख्य रेल्वे पोचत नाही, फक्त अरुंद रुळांची गाडी येते. सबंध बेटावर एकही द्रुतगती महामार्ग नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर हिवाळ्यात बर्फ, आणि एसटीसारखी जी बस आहे ती सकाळी जाते आणि दुपारनंतर येते. चुकली तर राहा तिथेच. अशा गावात कुणी एक युरोत घर घेतलं आणि रात्री पोराला ताप भरला, तर तो त्या घराच्या कागदांचं काय करणार?

हे सगळं काही कुणी रात्रीत केलेलं नाही. पन्नास-साठच्या दशकापासून माणसं तुरीनच्या कारखान्यांत, जर्मनीत, बेल्जियमच्या खाणींत गेली. १९६२ पासून ईशान्य किनाऱ्यावर आगा खान यांच्या पुढाकारानं कोस्ता स्मेराल्दा वसवला गेला, श्रीमंतांच्या बोटी आल्या. डोंगरातली पोरं तिथे उन्हाळ्यात वाढप्याचं काम करायला उतरली, ती तिथलीच झाली. बेटावर ३७७ कोमुने आहेत. त्यातल्या ३१ येत्या काही दशकांत नाहीशा होतील, असं सरकारनंच करवून घेतलेल्या एका अभ्यासात दहा-बारा वर्षांपूर्वी लिहिलं गेलं. बारादिली नावाचं गाव तर शंभर माणसांच्याही खाली आहे, तरी तिथे कोमुने चालते, निवडणूक होते. आणि २०२५ मध्ये देशाच्या आतल्या, दुर्गम भागांविषयीच्या रोमच्या सरकारच्या आराखड्यात असं आलं, की काही गावांचं ओस पडणं आता मागे फिरवता येणार नाही, तेव्हा त्यांना त्या वाटेवर नीट सोबत करावी. शब्द सभ्य होते, पण वाचून इथल्या लोकांच्या डोक्यात तिडीक गेली. इटलीभरच्या बिशपांनीसुद्धा त्यावर जाहीर पत्र काढलं. ही बातमी मराठीत माझ्या वाचनात आली नाही. एक युरो मात्र आला, पुन्हा एकदा.

आणि लोक गप्प बसून आहेत असंही समजू नका. २०२४ मध्ये या बेटावर जिकडेतिकडे महाकाय पवनचक्क्या उभारायचे अर्ज आले, तेव्हा दोन लाखांहून जास्त सह्यांचा कायद्याचा मसुदा लोकांनी प्रादेशिक विधानसभेपुढे नेला. बेटाची वस्तीच मुळी पंधरा-सोळा लाख. त्या मसुद्याला नाव दिलं प्रातोबेल्लो या माळाचं. १९६९ मध्ये त्या माळावर लष्करी सरावाचं मैदान होणार होतं, तेव्हा ओर्गोसोलो गावची माणसं, बायका, पोरं जाऊन तिथे बसली होती. आमच्या बारमध्ये पत्ते खेळणारे आजोबा तुमच्या व्हिडिओत ‘निवांत इटालियन जीवन’ म्हणून दिसतात, त्यांच्यातले काही तेव्हा त्या माळावर होते.

मला हे सगळं एवढं का लागतं, ते सांगते. मी ज्या गावातून आले तिथेही गणपती आणि शिमगा सोडला तर अर्ध्या घरांना कुलपं असतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी भरली होती. इथे ऑगस्टच्या पंधरा तारखेला आणि जानेवारीत संत अंतोनियोच्या होळीला तसंच होतं. मिलानच्या, तुरीनच्या नंबराच्या गाड्या येतात, गल्लीत गाडी लावायला जागा नसते, चार दिवस चुली पेटतात आणि मग पुन्हा शुकशुकाट. शरद ऋतूत दर शनिवार-रविवारी बार्बाजातलं एकेक गाव आपली अंगणं पाहुण्यांना उघडून देतं, तेव्हाही हजारो लोक येतात, चीज-पाव खातात, फोटो काढतात. सोमवारी सकाळी आम्ही कचरा गोळा करतो. हे मला परकं नाही. म्हणून तर विचारते, उद्या कुणी इटालियन पत्रकारानं ‘कोकणात शंभर रुपयांत घर, समुद्र दारात, आजच अर्ज करा’ असं छापलं आणि वर फोटो ताजमहालाचा लावला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

कुणी सार्डिनियात येऊ नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. या, जरूर या. राहायला यायचं तर नोकरीचा किंवा शिक्षणाचा नीट परवाना काढून या, इटालियन शिकून या, आणि किनाऱ्यावर नव्हे, डोंगरात एक हिवाळा भाड्यानं राहून बघा, मग घराचं ठरवा. आमच्या गावाला परिचारिका हवी आहे, म्हाताऱ्यांची देखभाल करणारी माणसं हवी आहेत, चीज करायला शिकणारी पोरं हवी आहेत. ही बातमी कुणी देईल का? तिच्यावर क्लिक कमी पडतील, मला कल्पना आहे. तुमच्यावर रोजच्या बातम्यांच्या आकड्यांचं ओझं असतं, बातमी परदेशी संकेतस्थळावरून उचलून वीस मिनिटांत मराठी करायची असते, हेही मला कळतं. पण त्या वीस मिनिटांची किंमत ज्याच्या पावतीवर खोटा शिक्का मारला गेला त्यानं भरली.

म्हणून मागण्या अगदी साध्या ठेवते. एक युरोच्या घराची जी बातमी तुमच्या संकेतस्थळावर आज आहे, तिच्या वरच्या बाजूला, तळाशी नव्हे, दुरुस्ती छापा : घर घेतल्यानं व्हिसा मिळत नाही, भारतीय नागरिकाला घर घेता येईल का हे आधी नोटरीकडून तपासावं लागतं, आणि अनामत व दुरुस्तीचा खर्च हजारो युरोंचा असतो. यापुढे अशी बातमी दिलीत तर गावाचं नाव, तिथल्या कोमुनेच्या मूळ सूचनेची तारीख आणि अर्जाची मुदत लिहा. मुदत संपलेली योजना नवी म्हणून चालवू नका. फोटो त्याच गावाचा लावा, नसेल तर लावू नका. कुणाही एजंटाचा क्रमांक बातमीखाली येऊ देऊ नका, मग तो जाहिरात म्हणून पैसे देत असला तरी. ज्या वाचकांनी तुमची बातमी वाचून पैसे भरले, त्यांनी कुठे तक्रार करायची हे एका स्वतंत्र बातमीत सांगा. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आपल्याकडे आहे, तेवढा तरी छापा. रील्स करणाऱ्यांनी जुने व्हिडिओ काढून टाकावेत. निदान त्यातलं ‘लिंक बायोमध्ये आहे’ हे वाक्य तरी.

आणि वर्षातून एकदा, एखाद्या रविवारी, ही गावं का रिती होतात यावर लिहा. सार्डिनियावर लिहा, वाटलं तर राजापूर-लांज्यावर लिहा. लागेल ती माहिती, इटालियन कागदांचा मराठी अर्थ, कोमुनेतल्या बाईंशी बोलणं, सगळं मी करून देईन, मोबदला नको. दुरुस्ती छापलीत तर तिचा दुवा मला पाठवा. पुढच्या वेळी गठ्ठा आला की प्रत्येकाला उत्तरात तोच जोडून देण्याचं आमचं ठरलं आहे.

कळावे.

आपली एक वाचक,
मूळ गाव संगमेश्वर तालुका, सध्या बार्बाजा, सार्डिनिया